अडीच क्रेडिटचा उन्हाळा

लेकीच्या हायस्कूलमधल्या कौन्सेलरच्या टेबलावर चॉकलेटचा वाडगा होता. आम्ही तिघांनीही एकेक चॉकलेट तोंडात टाकल्यामुळे पहिलं मिनिटभर कुणालाच बोलता येईना. तेवढ्यात समोर ठेवलेला कागद मी वाचून काढला. लेकीच्या अख्ख्या अकरावीत माझ्या हातून झालेलं कामाचं काम बहुधा तेवढंच.

तो ग्रॅज्युएशन ऑडिटचा कागद होता. डावीकडे विषय, पुढे किती क्रेडिट लागतात, किती मिळाली, किती चालू आहेत. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या विषयाला ५, सहामाहीच्या विषयाला अडीच. इंग्रजीची २०, गणित, विज्ञान आणि सोशल स्टडीजची प्रत्येकी १५, दुसऱ्या भाषेची ५, कलेची ५, शिवाय दरवर्षीचं पी.टी. लेकीच्या बहुतेक ओळींत गरजेपेक्षा जास्तच आकडे होते. कौन्सेलरबाई चॉकलेट संपवून कॉलेजांच्या यादीकडे वळल्या, आणि माझं बोट खालच्या एका ओळीवर अडकलं. फायनान्शियल लिटरसी, म्हणजे पैशांच्या व्यवहारांचं शिक्षण. लागतात २.५०. मिळाली ०.००. चालू ०.००.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारलं.

बाईंनी स्क्रीन बघितला, कागद बघितला, पुन्हा स्क्रीन बघितला. ‘‘ओह,’’ म्हणाल्या.

नवरा त्या वेळी त्यांना एमआयटीने एसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, पुन्हा सक्तीची केली त्याबद्दल काहीतरी विचारत होता. त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मध्येच एक खुलासा. आपल्याकडे ज्युनिअर म्हटलं की ज्युनिअर कॉलेज. इथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि ज्युनिअर म्हणजे त्यातलं तिसऱ्या वर्षाचं, अकरावीतलं मूल. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात. अर्जासोबत जे मार्क जातात ते अकरावीअखेरपर्यंतचे. ‘बारावीला जोर लावू’ हे आपलं घराघरातलं वाक्य इथे कामाचं नाही. म्हणून अकरावी लागली की मराठी घरांतून एक प्रकारची लगीनघाई सुरू होते.

मी स्वतः १९९४ साली साताऱ्यात बारावी झाले. पीसीएमची टक्केवारी, प्रवेशफेरी, फ्री सीट की पेमेंट सीट, एवढ्या शब्दांत काम भागायचं. वडील आणि मी भिंतीवरच्या यादीवरून बोट फिरवत गेलो, नाव सापडलं, बाहेर येऊन पावसात भजी खाल्ली. मी माणूस म्हणून कशी आहे हे मला कुणी विचारलं नाही. तो प्रश्न मला तीस वर्षांनी विचारला गेला, माझ्या मुलीबद्दल, आणि उत्तर लेखी हवं होतं. त्याची हकीकत पुढे येईलच.

घाईची सुरुवात ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएसएटीने झाली. ही एसएटीची धाकटी बहीण. अकरावीत दिली की त्याच मार्कांवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचा हिशेब होतो, म्हणून आमच्या भागात तिला फार मान. हिशेबाची गंमत अशी की त्यात भाषेचे मार्क दुप्पट धरतात आणि गणिताचे एकदा. आमची सगळी मंडळी पोरांना गणिताच्या क्लासला घालून बसलेली. शिवाय प्रत्येक राज्याचा कटऑफ वेगळा, आणि न्यू जर्सीचा देशात सर्वांत वरच्यांपैकी. म्हणजे हेच मार्क घेऊन आपण दुसऱ्या एखाद्या राज्यात राहत असतो तर पोरगी यादीत आली असती, हा विचार डिसेंबरभर आमच्या घरात फिरत होता. नवऱ्याने तो तीनदा बोलून दाखवला. तिसऱ्यांदा लेक म्हणाली, ‘‘बाबा, मग शिफ्ट होऊ या का?’’ त्यानंतर तो विषय संपला.

याच काळात नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. तेवीस कॉलेजं, चौदा रकाने. कॉमन ॲपमधून, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून, जास्तीत जास्त वीस कॉलेजांना अर्ज करता येतो हे त्याला जानेवारीत कळलं, तेव्हा त्याने तीन ओळी करड्या रंगात टाकल्या. पुसल्या मात्र नाहीत. शीट त्याची, मत त्याचं, रंग त्याचे. जिच्यासाठी हे चाललं होतं तिने ती शीट पहिल्यांदा उघडली मार्चमध्ये, तीसुद्धा दुसऱ्याच कामासाठी.

आता त्या अडीच क्रेडिटकडे येते. तो विषय लेकीने केलेला होता. तिचा ऑर्केस्ट्राचा तास चारही वर्षं चालू, त्यात केमिस्ट्रीचं लॅब, त्यामुळे वेळापत्रकात सहामाहीच्या विषयाला जागाच नव्हती. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत तिने तो बाहेरून ऑनलाइन केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आलं, मी ते कौतुकाने फाइलला लावलं. शाळेची अट एवढीच होती की बाहेरचा कोर्स सुरू करण्याआधी पालकांच्या सहीचा मंजुरीचा फॉर्म ऑफिसात द्यायचा. नंतर दिलेला चालत नाही.

घरी आल्यावर मी फॉर्म शोधला. फ्रिजवर, वाणसामानाच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरखाली, लोहचुंबकाने लावलेला. सही माझीच, तारीख मे महिन्यातली. सही करून मी तो तिथे ‘उद्या पाठवू’ म्हणून लावला होता आणि त्यावर नव्या वर्षाचं कॅलेंडर चढलं होतं.

लेक ओरडली वगैरे नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला तेच परत करायचं?’’ आणि खोलीत गेली.

शाळेशी दोन ई-मेल झाले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, आणि नियम मी वाचलेला होता. बारावीच्या वेळापत्रकात तो विषय कोंबला तर ऑर्केस्ट्रा सोडावा लागणार. उरला पर्याय म्हणजे अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, या वेळी शाळेच्याच समर स्कूलला, जुलैभर. जुलैची मिरजेची तिकिटं काढलेली होती. ती ऑगस्टवर ढकलली, आणि त्या ढकलण्याचे पैसे किती पडले ते मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आता लेखी उत्तर मागणारा तो फुशारकीचा कागद. त्याला खरोखरच ब्रॅग शीट म्हणतात. एकेका कौन्सेलरकडे अडीचशे-तीनशे मुलं असतात, त्यांना प्रत्येकाचं शिफारसपत्र लिहायचं असतं, म्हणून ते मुलांकडून आणि पालकांकडून मजकूर मागवतात. पालकांचा फॉर्म दोन पानी. पहिला प्रश्न: आपल्या पाल्याचं वर्णन पाच विशेषणांत करा. दुसरा: पाल्याने अडचणीवर मात केल्याचा एखादा प्रसंग सांगा. तिसरा: आम्हाला शाळेत दिसत नाही असं पाल्यात काय आहे?

आता आपल्याच मुलीचं कौतुक आपण चारचौघांत करायचं? माझ्या आईने माझं कौतुक केलं ते शेजारच्या काकूंकडे, मी घरात नसताना, आणि तेही ‘तशी बरी आहे’ एवढंच. मी रात्री बसून पाच शब्द लिहिले: हुशार, कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ, मोठ्यांचा आदर करणारी. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं. ‘‘गोरी, शिडशिडीत, गृहकृत्यदक्षही घाल,’’ म्हणाला. ‘‘स्थळं बघायला काढतेयस का तिला?’’

प्रसंग काही सुचेना. व्हायोलिनची स्पर्धा, विज्ञानाचं प्रदर्शन, हे सगळं शाळेला माहीत होतं. रविवारी सकाळी मिरजेला फोन लागला, तेव्हा सहज सासूबाईंना विचारलं, आई, तुम्हाला हिच्याबद्दल काय सांगावंसं वाटतं? मला वाटलं, भाकरी आवडीने खाते असं काहीतरी सांगतील.

त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ते गोळ्यांचं लिही की.’’

‘‘कुठल्या गोळ्यांचं?’’

मग त्यांनी सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी सुट्टीत लेक तिथे होती तेव्हा मामंजींच्या औषधांचा डबा तिने आवरायला घेतला होता. सात वार, प्रत्येकाचे तीन कप्पे. आवरताना तिने दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींत औषध एकच. एक पट्टी नेहमीच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी मधल्या एका तपासणीत लिहून मिळालेली. मामंजी दोन्ही घेत होते आणि दुपारी उठताना त्यांना घेरी यायची. लेकीने आधी कुणालाच काही म्हटलं नाही. दोन्ही पट्ट्या कागदाच्या पुडीत बांधल्या, आजीला रिक्षात घातलं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावून बसली. आत गेल्यावर मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘मला विचारायचं आहे, मी चूक असू शकते.’’ डॉक्टरांनी एक गोळी बंद केली.

‘‘आई, तुम्ही हे आम्हाला सांगितलं नाहीत?’’

‘‘तुम्ही लांबून उगाच जीवाला घोर लावून घेतला असता. आणि तीच म्हणाली, नको सांगू.’’

मी फॉर्मवरचे पाचही शब्द खोडले आणि ही हकीकत जशी ऐकली तशी इंग्रजीत उतरवली. ‘मी चूक असू शकते’ हे तिचं वाक्य सासूबाईंनी जसं सांगितलं तसंच ठेवलं. विशेषणांच्या जागी एकच लिहिलं: मागची बारीक अक्षरं वाचते. ते विशेषण नाही, पण बाईंनी काही हरकत घेतली नाही. फॉर्म पाठवताना मला फ्रिजवरचा तो दुसरा फॉर्म दिसला. बारीक अक्षरं वाचण्याची सवय तिने कुणाकडून उचलली कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

पुढे कधीतरी मी तिला म्हटलं, अगं, हाच तुझ्या निबंधाचा विषय होऊ शकतो. ती म्हणाली, ‘‘नाही. ते आजोबांचं आहे.’’ यावर मी बोलण्यासारखं काही नव्हतं.

मार्च महिना परीक्षांनी खाल्ला. एका शनिवारी पावणेआठच्या आत एसएटीला हजर. आता सगळं लॅपटॉपवर, दोन तास चौदा मिनिटांत संपतं, आणि पहिला भाग कसा जातो त्यावर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं. त्यामुळे मुलं बाहेर येऊन ‘दुसरा भाग अवघड होता’ असं आनंदाने सांगतात, आणि पालकांना वाटतं पेपर बिघडला. त्याच महिन्यात राज्याची ग्रॅज्युएशनची परीक्षा, एनजेजीपीए. गणितात आठवी-नववीचं अल्जेब्रा आणि भूमिती, पास व्हायला ७२५. प्रीकॅल्क्युलसमध्ये बुडालेली ही पोरगी आदल्या रात्री त्रिकोणांचे गुणधर्म आठवत बसली होती. ही परीक्षा आमच्या ओळखीतल्या कुणाच्याच गप्पांत नसते, कारण सगळे तिच्यात पास होणारच असं धरून चालतात. अडीच क्रेडिटचंही आम्ही असंच धरून चाललो होतो.

एप्रिलमध्ये मराठीची परीक्षा आली, आणि हिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना ओढत नेणाऱ्या पालकांनाही ती माहीत नसते. न्यू जर्सीत २०१६ पासून सील ऑफ बायलिटरसी मिळतं. इंग्रजीशिवाय दुसरी एखादी भाषा वाचता, लिहिता, बोलता, समजता येते हे परीक्षेने दाखवलं की हायस्कूलच्या डिप्लोमावर आणि ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, तसा शिक्का येतो. आणि या परीक्षा ज्या भाषांत देता येतात त्यांत मराठी आहे. मी शाळेत विचारलं तेव्हा तिथल्या भाषाविभागाच्या बाईंनी आधी हिंदी लिहिलं, मी म्हटलं मराठी, त्यांनी स्पेलिंग विचारलं, मग यादी उघडून त्यांनाच आश्चर्य वाटलं. बोलण्याचा भाग लेकीला सोपा. मायक्रोफोनपुढे तिने गणपतीच्या सजावटीवर भरभरून सांगितलं म्हणे. लिहिण्याने घाम फोडला. देवनागरी टाइप करायची होती आणि तिला ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचं वैर. तिने आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर आजही ‘सकाळ’च्या जागी ‘सकळ’ आहे. आठ दिवस रोज संध्याकाळी तिने मला फोनवरून देवनागरीत मेसेज पाठवले, मी स्वयंपाकघरात, ती वरच्या खोलीत. ‘आई भूक लागलि आहे.’ मी परत पाठवायचे: ‘ली दीर्घ. पोळी तव्यावर.’ लागणारी पातळी मिळाली. लिहिण्यात काठावर.

शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना मे महिन्यात विचारायचं असतं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, कारण चांगल्या शिक्षकांकडे रांग लागते आणि काही जण ठरावीक संख्येनंतर नाही म्हणतात. विचारायचं मुलानेच. मी एकदा ‘मी ई-मेल करू का’ म्हटल्यावर लेकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्यासाठी मुलगा बघायला निघाले होते. पहिलं पत्र इतिहासाच्या सरांचं, ठीक. दुसरं तिने केमिस्ट्रीच्या बाईंना मागितलं. केमिस्ट्रीत तिला बी मिळालेला. घरात वादळ. नवऱ्याचं म्हणणं, जिथे ए प्लस आहे त्या विषयाच्या शिक्षकांना सोडून बीवाल्या बाई कशाला? लेक म्हणाली, ‘‘बाबा, मॅथच्या सरांना माझं नाव पण नीट येत नाही. केमिस्ट्रीच्या बाईंकडे मी वर्षभर लंचला जाऊन बसले आहे.’’ तिचं बरोबर होतं, हे आता म्हणते. तेव्हा मी गप्प बसून नवऱ्याच्या बाजूने होते.

या सगळ्या काळात तिच्याशी खरं बोलणं व्हायचं ते गाडीत. सतरा पूर्ण व्हायला अजून अवकाश होता, शिकाऊ परमिटवर ती गाडी चालवायची, मी शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक पायाने दाबायचे. समोर बघून बोलता येतं म्हणून असेल, घरात जे विषय भांडणावर जायचे ते रूट वन-वर सुरळीत निघायचे. अशाच एका रविवारी, सिग्नलला थांबलेलं असताना, तिने विचारलं, ‘‘आई, आपल्याकडे कॉलेजसाठी किती पैसे आहेत?’’

हा प्रश्न आम्ही तिला कधी पडू दिला नव्हता. ‘तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू’ हे मराठी मध्यमवर्गाचं ब्रीद. मी म्हटलं, ‘‘सिग्नल हिरवा झाला.’’

पैशांचं आम्ही बघत होतो असंही नव्हतं. बारावीत भरायचा सरकारी मदतीचा फॉर्म म्हणजे फाफ्सा. तो दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो. ही मुलं २०२६ मध्ये कॉलेजात जाणार, म्हणून हिशेबात २०२४ चं टॅक्स रिटर्न. मला हे कळलं फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे ते वर्ष संपून महिना-दीड महिना झाल्यावर. आणि २०२४ मध्ये छप्पर बदलायला आम्ही शेअर विकले होते. तो नफा त्या वर्षीच्या उत्पन्नात जाऊन बसला. छप्पर एक वर्ष आधी गळलं असतं तर बरं, असं म्हणणारी मी बहुधा पहिलीच बाई. दहावीच्या पालकांनी एवढं एक वाक्य ऐकावं: दहावीतल्या जानेवारीपासून तुमचं उत्पन्न मोजायला घेतलेलं असतं.

आमच्या मराठी शाळेतल्या एका मैत्रिणीचा मुलगा लेकीच्याच वर्गात. त्यांचं ग्रीन कार्ड रांगेत, मुलगा एच-फोर व्हिसावर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. तो चार वर्षांचा असताना इथे आला, बेसबॉल खेळतो, मराठीत शिव्या देता येत नाहीत. त्याला फाफ्सा भरताच येत नाही. कितीतरी कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या रकान्यात टाकतात, आणि एकवीस पूर्ण होईपर्यंत घरच्यांचं ग्रीन कार्ड हाती आलं नाही तर त्याला त्याचा स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल. मी छपराचं रडगाणं तिला सांगत होते. ती शांतपणे ऐकून घेत होती. नंतर गाडीत बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

जुलैत समर स्कूल सुरू झालं. रोज सकाळी आठला, एसी बिघडलेल्या वर्गात, तिच्या भाषेत ‘माझ्या आईच्या मॅग्नेटमुळे’. पहिला आठवडा ती रुसून गेली. हा कोर्स तिने आधी एकदा केलेला, सगळं पाठ. पण बाहेरच्या ऑनलाइन कोर्समध्ये क्लिक करत पुढे जायचं असतं, आणि इथे समोर सर होते, ज्यांनी तिसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं की आपापल्या यादीतली तीन कॉलेजं घ्या आणि नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरून आणा. सरकारी मदत देणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने तो वेबसाइटवर ठेवलाच पाहिजे असा २०११ पासून नियम आहे. छापील किंमत काहीही असो, तुमच्या घराला साधारण किती पडेल ते तो सांगतो. नवऱ्याच्या चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता. रँकिंग होतं, हवामान होतं, जवळच्या भारतीय किराणा दुकानाचं अंतरसुद्धा होतं.

त्या संध्याकाळी ती वही आणि पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने आम्हाला पगार विचारले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांग. लग्नाला बावीस वर्षं झाली, घरात पगाराचा आकडा मोठ्याने उच्चारला गेल्याचं मला आठवत नाही. आम्ही सांगितले. शेअरचे सांगितले. तिच्या नावाच्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, किती आहेत ते सांगितलं. ती एकेक आकडा लिहीत गेली, वर न बघता.

पहिलं कॉलेज खासगी, एक्सेलमध्ये सर्वांत वर, हिरव्या रंगात. छापील खर्च राहण्या-खाण्यासकट वर्षाला ९० हजार डॉलरांच्या घरात. आमच्यासाठी कॅल्क्युलेटरने सांगितलं ७१. दुसरं रटगर्स, न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, घरापासून पंचवीस मिनिटं: ट्यूशन आणि फी मिळून १७-१८ हजार, होस्टेलला राहिली तर त्याच्या दुप्पट. तिसरं पेनसिल्व्हेनियातलं एक लहान कॉलेज, जे नवऱ्याच्या शीटवर नव्हतंच. केमिस्ट्रीच्या बाई तिथे शिकल्या होत्या. छापील किंमत जवळपास पहिल्याइतकीच, पण गुणवत्तेची सवलत धरून ३९.

लेकीने तिन्ही आकड्यांना चारने गुणलं. मग खात्यातली रक्कम वजा केली. मग वहीचं पान उलटून तिने वर्गात लिहून घेतलेला तक्ता दाखवला: सरकारी विद्यार्थी-कर्ज स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग साडेसात आणि साडेसात. चार वर्षांचे २७ हजार. ‘‘म्हणजे मी एवढंच काढू शकते,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या कॉलेजचं बाकीचं कोण काढणार?’’

‘‘आम्ही आहोत की,’’ नवरा म्हणाला.

‘‘तुम्ही म्हणजे किती वर्षं?’’

नवरा एकावन्नाचा आहे. त्याने उत्तर दिलं नाही, पाणी प्यायला. मला वाटलं तो चिडेल. तो उठला, लॅपटॉप घेऊन आला आणि एक्सेलमध्ये पंधरावा रकाना टाकला. त्या रात्री बारा वाजेपर्यंत दोघं बसून कॅल्क्युलेटर भरत होते, मी दोनदा चहा केला. तेवीसातली नऊ उरली. अर्ली डिसिजन करायचं नाही हेही तेव्हाच ठरलं, कारण त्यात एका कॉलेजाला आधीच शब्द द्यावा लागतो, आणि मग बाकीच्यांनी किती मदत देऊ केली असती याची तुलना करायची सोय राहत नाही. भाजी घेतानासुद्धा आपण चार गाड्यांवर भाव विचारतो.

१ ऑगस्टला कॉमन ॲप नव्या वर्षासाठी उघडतं. तिने त्या दिवशी सकाळी खातं उघडलं, दहा उपक्रमांची यादी भरायला घेतली. प्रत्येक उपक्रमाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. अकरा वर्षांचं व्हायोलिन १५० अक्षरांत बसवताना तिने तीन वेळा लॅपटॉप मिटला. मुख्य निबंध साडेसहाशे शब्दांचा. तो तिने मिरजेत लिहिला, वरच्या गच्चीत, तिथे वायफाय येत नाही म्हणून. मी विचारलं, दाखवतेस का. म्हणाली, केमिस्ट्रीच्या बाईंना दाखवणार आहे. कशावर आहे एवढं तरी सांग म्हटलं, तर म्हणाली, ‘‘तुझ्यावर नाही.’’ यातलं समाधान किती आणि दुःख किती, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी तो निबंध आजपर्यंत वाचलेला नाही.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली, ती बारावीत गेली, आणि पहिल्याच आठवड्यात नवा ऑडिट कागद घरी आला. या वेळी तो माझ्या आधी तिनेच वाचला. फायनान्शियल लिटरसीच्या ओळीत २.५० होते. त्याखाली एक नवी ओळ होती. बारावीच्या मुलांनी आर्थिक मदतीचा फॉर्म भरलाच पाहिजे किंवा रीतसर सूट घेतली पाहिजे, नाहीतर डिप्लोमा नाही, असा कायदा न्यू जर्सीने २०२४ मध्ये केला आहे, आणि तिचं वर्ष त्यात येतं. त्या ओळीपुढे लिहिलं होतं: बाकी.

‘‘हे तुमच्या दोघांचं काम आहे,’’ ती म्हणाली. ‘‘अकाउंट काढायचं, बाबांच्या पासपोर्टवरचं नाव आणि सोशल सिक्युरिटीवरचं नाव सारखं आहे का ते आधी बघा.’’

तिने कागद फ्रिजवर लावला. कॅलेंडरच्या वर.